बांबूचा भडकल दरवाजा

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ७.१०

माझ्या शिट्टीच्या पोटातला गोळा हरवला. वरवर पाहणाऱ्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. वरवर पाहणाऱ्यांनीच देशाचं वाटोळं केलंय. तो बारका गोळा आत फिरतो म्हणून शिट्टीला शिट्टी म्हणायचं. तो नसेल तर नुसता वारा. ज्या शिट्टीवर एकवीस वर्षं या शाळेतली पोरं सावधान-विश्राम झाली, तिनं आज परिपाठाला फुस्स असा आवाज काढला आणि सातवी ब हसली. सातवी ब ची मी नोंद घेतली आहे.

तनुजाला विचारलं, कपडे धुताना खिशातून काही पडलं का. पोळी लाटता लाटता म्हणाली, अहो, त्यात एक सुका वाटाणा टाका, वाजंल. वीस वर्षं स्काऊट मास्तराच्या घरात राहूनही माणूस असं बोलू शकतो. नाइलाजानं टाकला.

दुपारी १.२०

पत्र आलं! राष्ट्रीय जांबोरीला आपलं पथक!! जिल्ह्यातून तीनच शाळा, त्यात आपण. मुख्याध्यापकांना जांबोरी म्हणजे काय हे तिसऱ्यांदा समजावून सांगितलं: देशभरातल्या स्काऊट-गाईडचा मेळावा, पस्तीस हजार मुलं, सहा दिवस, तंबूत मुक्काम. ते म्हणाले, तुपे सर, जरा सांभाळून. यश डोक्यात जाऊ देऊ नका असं म्हणायचं असावं.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. हर्सूल तलावापर्यंत जॉगिंग. परतीला रिक्षा चालेल. जांबोरीत चहा पूर्ण बंद.

१३ डिसेंबर, शनिवार

उठलो ७.४५. थंडी होती. थंडीत स्नायू एकदम ताणू नयेत.

पहिला सराव. आठ स्काऊट. संघनायक सम्यक दाभाडे, नववीतला. बाकीची सात पोरं त्याच्या शब्दात. मुलगा चांगला आहे पण प्रश्न विचारतो. आज रीफ नॉट घेतली. माझी हुकमी गाठ. दोन दोर जोडायचे तर उजवं टोक डाव्यावर, परत उजवं डाव्यावर, ओढा, संपलं. एकवीस बॅचेस याच गाठीवर मोठ्या झाल्या. सम्यकनं स्काऊटचं पुस्तक उघडून आणलं. म्हणाला, सर, ह्याच्यात दुसऱ्या टायमाला डावं उजव्यावर दाखवलंय, अन् टोकं दोरीला चिकटून सरळ निघतात. आपली आडवी निघायलीत.

सांगितलं, बाळा, छपाईची चूक आहे. छापखान्यातला माणूस काही स्काऊट नसतो.

व्हय सर म्हणाला. पुस्तक मात्र लगेच मिटलं नाही.

तेवढ्यात ऋतुराजनं ओरडून सांगितलं की सर, तुमच्या बुटाची लेस सुटली. (ऋतुराज म्हणजे संघातला सगळ्यात वजनदार स्काऊट. दप्तरात पुस्तकं कमी, डबे जास्त.) हल्ली लेस फार निकृष्ट येतात. या महिन्यातली ही तिसरी जोडी.

वाटाणा ओला होऊन फुगला. आता शिट्टी अजिबातच वाजत नाही. पूर्ण विचारांती ठरवलं: खरा नेता हाताच्या खुणांनी पथक चालवतो.

१७ डिसेंबर, बुधवार

सुचलं! हजेरी घेताना सुचलं, सहावीची निम्मी हजेरी तशीच राहिली.

जांबोरीत प्रत्येक पथकानं आपल्या तंबूंपुढं बांबू आणि दोर वापरून प्रवेशद्वार उभारायचं असतं. खिळा नाही, तार नाही, नुसत्या बांधणीवर. परीक्षक येऊन श्रेणी देतात. आता बाकीचे जिल्हे काय करणार? दोन बांबू उभे, एक आडवा, वर पताका. लग्नाचा मांडव. पण आपण कुठले? दरवाज्यांच्या शहरातले! बावन्न होते म्हणतात. तेव्हा आपण करायचा भडकल दरवाजा. अठरा फूट. दोन्ही बाजूंना बुरूज, मधे कामट्यांची कमान. पाहणाऱ्यानं टोपी सांभाळत वर बघितलं पाहिजे.

आराखडा स्टाफरूममध्ये मांडला. करुणा मॅडमनी पाहिला. त्या मुलींच्या पथकाच्या गाईड कॅप्टन, जांबोरीला त्याही येणार. गणित शिकवतात आणि बोलतातही तसंच. म्हणाल्या, सर, अठरा फूट उभं राहणार कशावर?

मी म्हणालो, परंपरेवर.

म्हणाल्या, ते झालंच, पण खाली?

खाली काय, चार दिशांना चार ताण. दोर जमिनीतल्या मेखांना बांधले की झालं. मॅडम म्हणाल्या, ताणाला अखंड दोर लागेल, तुमचा तर तुकडे तुकडे आहे. मुद्दाम बोलल्या. शाळेचा मोठा दोर मीच २०१९ ला चार-चार हातांवर कापून मुलांना वाटला होता, प्रत्येकाला गाठींच्या सरावासाठी स्वतःचा तुकडा. पेपरात फोटो आला होता त्याचा. मॅडम म्हणाल्या, आमच्याकडं नवा नायलॉनचा आहे, अख्खं बंडल, घेऊन जा.

घेतला नाही. स्काऊट काटकसरी असतो, हा नियमच आहे. तुकडे जोडायचे. रीफ नॉट मग असते कशाला? हिशोब मांडला: चार ताणांत मिळून एकोणतीस जोड.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६

उभा राहिला!!! शाळेच्या मैदानात, पाऊण तास! अठरा फूट!

फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले अकरा. करुणा मॅडमनी अंगठा दिला नाही, लिहिलं की सर, दरवाजा मागच्या लिंबाला टेकलाय. टेकलेला नाही. लिंबाच्या शेजारी आहे. पेपर तपासून तपासून माणसाला उभ्या गोष्टीही आडव्या दिसतात.

सम्यक तेवढा वेळ लिंबाकडंच बघत होता. झाडांची आवड असावी.

२७ डिसेंबर, शनिवार

पालकसभा. ऋतुराजच्या आईनं एकच प्रश्न विचारला: जेवायला काय काय असतं. उत्तर दिल्यावर तिचं समाधान झालं नाही, सोबत तीन दिवसांच्या दशम्या देणार म्हणाली.

सम्यकचे वडील बन्सीभाऊ वाळूजला कंपनीत आहेत. रात्रपाळी उतरून बसमधून थेट शाळेत आले. डोळे लाल, हातात डबा तसाच. सगळे उठून गेल्यावर जवळ येऊन म्हणाले, सर, ते फेब्रुवारीत राज्य पुरस्काराचं शिबिर हाय ना, त्याला आमच्या पोराचं नाव जाईल ना? तीन वरीस झालं मागं लागलाय तो त्याच्या. दुसरं काही मागत नाय कधी.

म्हणालो, बन्सीभाऊ, जांबोरीतला शेरा चांगला आला की नाव गेलंच समजा. शिफारस शेवटी माझ्याच सहीनं जाते.

म्हणाले, मंग काय चिंता नाय. अन् तिथंच बाकावर बसून घटकाभर डोळे मिटले. हा विश्वास एका दिवसात कमावता येत नाही.

जॉगिंग, आजपर्यंत एकूण: शून्य किमी. पण बूट आणलेत.

२ जानेवारी, शुक्रवार. गाडीत

निघालो. स्टेशनवर पालकांची गर्दी, हारतुरे. मुख्याध्यापकांनी भाषणात माझं नाव दोनदा घेतलं, त्यातलं एकदा चुकून.

मनमाडला गाडी बदलली. चहा घेतला, निरोपाचा. जळगावला घेतला तो मनमाडचा नीट झाला नव्हता म्हणून. भुसावळपर्यंत ऋतुराजनं तीन दिवसांच्या दशम्या संपवल्या. विचारलं तर म्हणाला, सर, शिळ्या झाल्या असत्या. मुलगा दूरदृष्टीचा आहे.

करुणा मॅडमच्या मुली अंताक्षरी खेळतायत. आमची पोरं गंभीर आहेत. सम्यक खिडकीशी बसून दोरीचा एक तुकडा बांधतोय, सोडतोय, बांधतोय, सोडतोय. सराव चांगला, पण एकच गाठ किती वेळा.

३ जानेवारी, शनिवार

पोचलो. राजस्थानातला उघडा माळ, क्षितिजापर्यंत तंबू. थंडी अशी की दात आपोआप परेड करतात. गरम पाण्याची सोय आहे, पण रांगेत पुढं पोचेपर्यंत ते साधं झालेलं असतं.

मुलांना तंबू लावायला सांगितले. माझा मी स्वतः लावला, उदाहरण म्हणून. जेवायला गेलो तेवढ्यात तो बसला. इथली जमीन भुसभुशीत आहे. सम्यकनं तो परत लावला आणि आता दगडासारखा घट्ट आहे, अर्थात पाया माझाच. मात्र गाठ बघितली तर वेगळी दिसली. पुस्तकातली! रागावलो नाही. शांतपणे सांगितलं की दरवाज्याला आपलीच पद्धत चालेल. एका पथकात दोन प्रकारच्या गाठी दिसल्या तर शिस्त कुठं राहिली. सम्यक म्हणाला, सर, एक ताण फक्त माझ्या गाठीनं बांधून बघू का, फक्त एक. म्हणालो, नाही. मग व्हय सर म्हणाला.

शेजारी ओडिशातल्या मुलींचं पथक. त्यांच्या प्रमुख एक वयस्कर दीदी. त्यांना आमच्याकडच्या बावन्न दरवाज्यांची माहिती दिली. त्यांनी ती हसतमुखानं ऐकली. त्यांना हिंदी बेताचंच येतं हे नंतर कळलं.

४ जानेवारी, रविवार

दिवसभर दरवाजा. मी खुर्चीवरून मार्गदर्शन केलं. हाताच्या खुणांचा उपयोग झाला नाही, पोरं वर बघत होती. घसा बसला. चहा लागला घशासाठी, औषध म्हणून.

संध्याकाळी पाचला उभा. बुरूज, कमान, वर झेंडे. जाणारे-येणारे थांबून फोटो काढत होते. बिहारच्या एका मास्तरांनी विचारलं, ये क्या है? सांगितलं, इतिहास.

करुणा मॅडमचा दरवाजा आठ फूट. दोन बांबू, एक आडवा, पताका. लग्नाचा मांडव. म्हणालो होतो.

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ९

साडेनऊला परीक्षक. दरवाजा किंचित उत्तरेकडं झालाय. सम्यक पळत आला, म्हणाला, सर, जोड सरकायलेत, चारही ताण ढिल्ले पडलेत. अर्धा घंटा द्या, सगळ्या गाठी बदलतो. सगळ्या नाय झाल्या तर मागच्या दोन ताणांच्या तरी बदलतो.

सांगितलं, जुन्या वास्तू अशाच कलतात आणि शेकडो वर्षं उभ्या राहतात. कुणीही हात लावायचा नाही. नीट गणवेश करा, स्कार्फ सरळ करा.

त्यानं स्कार्फ सरळ केला.

सकाळी ११.१५

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, उद्या कुणी वेगळं सांगू नये म्हणून.

परीक्षक आले. पांढऱ्या झुपकेदार मिशा, छातीवर पदकांची रांग, हिंदी एकदम स्वच्छ. मी पुढं झालो. स्काऊटच्या रीतीप्रमाणं डावा हात मिळवला आणि उजव्या हातानं बुरुजावर थाप मारून म्हणालो, साब, ये हमारे शहर की शान है, चारसौ साल से खडा है.

आणि तो बसला.

कोसळला असं मी म्हणणार नाही. कोसळण्यात एक घाई असते. यानं वेळ घेतला. लांबून चालत आलेला पाहुणा ओट्यावर टेकावा तसा आधी गुडघ्यात वाकला, मग कमान अलगद माझ्या खांद्यावर आली, मग एक बुरूज, मग विचार करून दुसरा. परीक्षकांची टोपी गेली. इजा कुणालाही नाही. ओडिशाच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, हे सगळं मुद्दाम बसवलंय असं त्यांना वाटलं.

परीक्षकांनी टोपी झटकली. खाली वाकून ताणाचा एक तुकडा उचलला, जोड दोन बोटांनी नुसता ढकलला आणि तो सुटला. विचारलं, ये गाँठ किसने बाँधी?

सम्यक एक पाऊल पुढं आला. मैंने, सर.

म्हणाले, बेटा, ये रीफ नॉट है ही नहीं. किसने सिखाई?

सम्यक पाय जुळवून उभा होता. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, याद नहीं, सर.

मग परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं. नेमका त्याच वेळी मला खोकला आला. धूळ फार होती. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पथकाकडं गेले.

नोंद: सम्यकची स्मरणशक्ती या वयात इतकी कमी बरी नाही. पालकांच्या कानावर घालणे.

६ जानेवारी, मंगळवार

अंग दुखत होतं म्हणून तंबूत पडून होतो. बाहेरचे आवाज ऐकू येत होते. करुणा मॅडमनी नायलॉनच्या दोराचं बंडल आणून दिलं. ओडिशाच्या दीदी खुणांनीच सांगत होत्या, त्यांच्या मुली बांबू धरत होत्या, सम्यक गाठी मारत होता. ऋतुराज म्हणत होता, अबे, हा किती टाइट बसला बे, मी लटकू का याला? आणि लटकला असावा, कारण सगळी हसली. पाऊण तासात दरवाजा उभा. आठ फूट. उठून बघितला. इतिहास त्यात काहीच नाही.

तरी परीक्षकांनी दुसरी फेरी दिली, हा त्यांचा मोठेपणा. श्रेणी सी. करुणा मॅडमच्या मुलींना ए. ए हे सुरुवातीचं अक्षर आहे. सी पर्यंत जायला वाटचाल करावी लागते.

चहा, आजपर्यंत: चौदा. त्यात औषधाचे धरलेले नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार

घरी. तनुजानं विचारलं, कसं झालं. म्हणालो, ऐतिहासिक. ती म्हणाली, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ बघितला, तुमच्या खांद्याला लागलं तर नाही ना जास्त?

व्हिडिओ कुणी काढला याचा शोध घेणे.

१२ जानेवारी, सोमवार

जिल्हा कार्यालयाचं पत्र: प्रवेशद्वार कोसळल्याबाबत लेखी खुलासा तीन प्रतींत सादर करावा. सोबत छापील तक्ता. शेवटचा रकाना: जबाबदार व्यक्ती.

पहिला मसुदा: वादळी वारा. करुणा मॅडमना वाचून दाखवला. म्हणाल्या, सर, व्हिडिओत झेंडे लोंबतायत. मॅडमचं निरीक्षण सूक्ष्म आहे, दुर्दैवानं.

दुसरा मसुदा: निकृष्ट बांबू. मग आठवलं, बांबू मीच पसंत केले होते, पावतीमागं सही आहे.

तिसरा मसुदा: बांधणी संघनायकानं केली होती, सदोष होती. यात एक अक्षरही खोटं नाही. गाठी त्यानंच मारल्या आणि परीक्षकांपुढं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. शिवाय अपयशानं मुलं घडतात. रकान्यात नाव लिहिलं: सम्यक दाभाडे, संघनायक. खाली माझं: काकासाहेब तुपे, स्काऊट मास्तर. अक्षर बरं आलं.

संध्याकाळी पाठवला. जड काम हातावेगळं झालं. जॉगिंग उद्यापासून.

१९ जानेवारी, सोमवार

राज्य पुरस्कार शिबिराची यादी आली. बारा नावं. सम्यक नाही. कार्यालयानं माझ्या खुलाशाचा संदर्भ दिलाय. तांत्रिक बाब.

मधल्या सुट्टीत सम्यक स्काऊटच्या खोलीत आला. ताणांचे सगळे तुकडे सोडून, धुऊन, सुकवून, एकेक गुंडाळी करून आणले होते. म्हणाला, सर, दोर जमा करायचेत. मोजून घ्या. मी म्हणालो, पुढच्या वर्षी नक्की जाशील बघ शिबिराला. तो म्हणाला, पुढच्या वर्षी दहावी हाय सर, घरचे नाय पाठवणार. तक्रार म्हणून नाही. वेळापत्रक सांगावं तसं.

मग सॅल्यूट करून गेला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, केला नसता तरी चाललं असतं.

संध्याकाळी पुंडलिकनगरच्या चौकात बन्सीभाऊ. कंपनीच्या बसची वाट बघत उभे. मी रस्ता ओलांडायच्या आत त्यांनी हाक मारली. म्हणाले, सर, पोरगं म्हणतंय माझ्याच गाठी चुकल्या. तुम्ही जीव तोडून शिकवलं असंल, त्यानंच ध्यान दिलं नसंल. तुमच्या नावाला बट्टा लागला. माफी असावी.

अन् हात जोडले. डब्यासकट.

चहा घेऊ म्हणालो. त्यांची बस आली. सगळी माणसं चढली, बस गेली, मी तिथंच होतो. भाजी आणायची राहिली.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी दारातच लेस सुटली. नवी जोडी, भारीतली. वैतागून म्हणालो, या देशात एक लेस धड बनत नाही. तनुजा खाली बसली, माझी गाठ सोडून स्वतः बांधली. म्हणाली, अहो, दुसऱ्या वेळेला उलटं घ्यायचं असतं. पहिल्यांदा उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. तुम्ही दोन्ही वेळेला एकच करता. लग्न झाल्यापासून बघतेय मी.

म्हणालो, मग सांगायचं नाही का?

म्हणाली, सांगितलं होतं की. दोन हजार सहाला. तुम्ही म्हणालात, स्काऊट मास्तर कोण आहे या घरात?

दुपारी २

लेस सुटली नाही.

संध्याकाळी ७

अजून नाही. जिने चढलो, उतरलो. मैदानाला दोन चकरा मारल्या, जरा जोरात. नाही सुटली.

ग्रंथालयातून पुस्तक काढलं. आवृत्ती नवी, छापखाना वेगळा. चित्र तेच.

एकवीस वर्षं. वर्षाला चाळीसेक पोरं. गुणाकार केला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

आजारपणाची अर्धी रजा टाकून जिल्हा कार्यालयात गेलो. तिथले लिपिक इंद्रजीत जेवत होते. डबा संपेपर्यंत भिंतीवरचे फोटो बघितले. एका फोटोत मीही आहे, मागच्या रांगेत, अर्धा.

म्हणालो, इथल्या साहेबांशी फोनवर बोललोय, माझा खुलासा परत हवा होता. ते म्हणाले, आवक झालेला कागद परत मिळत नसतो सर. दुसरा द्या, वर लावतो. टेबल रिकामं नव्हतं. काउंटरवर उभ्यानंच लिहिला. रीफ नॉट मी चुकीची शिकवली. सम्यक दाभाडे यानं बरोबर गाठ दोनदा दाखवली, मी मारू दिली नाही. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव. तीन प्रती.

इंद्रजीतनी वाचलं. इकडं तिकडं बघून आवाज खाली आणला. म्हणाले, सर, असं कोणी लिहीत नसतंय. वारा लिहा ना. लई जण वाराच लिहितात, आपल्याकडं चालतंय.

म्हणालो, झेंडे लोंबत होते.

म्हणाले, बघा बुवा. हे असं वर गेलं तर तुम्हाला मूलभूत प्रशिक्षणाला बसवतील. सात दिवस, नव्या मास्तरांच्या सोबत. बारकी बारकी पोरं हायत ती, पंचवीस-सव्वीसची. मैदानावर पहाटे पाचला उठवतात.

म्हणालो, उठतो मी. (म्हणताना आवाज थोडा कमी आला.)

त्यांनी शिक्का मारला. मग शिबिराची यादी काढली, बराच वेळ तिच्याकडं बघितलं. म्हणाले, टाइप तर होऊन गेली. साहेबांचा फोन झालाय म्हणता ना तुमचा? मी म्हणालो, सकाळी झाला, त्यांनी खुलासा बदला अन् नाव घाला सांगितलं. मग खाली हातानं लिहा, इंद्रजीत म्हणाले, अन् बाजूला सही करा, म्हणजे आमच्यावर नको. यादी माझ्याकडं फिरवली.

बाराव्या नावाखाली तेरा आकडा घातला. सम्यक बन्सी दाभाडे. काउंटर उंच, अक्षर वाकडं आलं. पुसता येत नव्हतं. सही केली.

इंद्रजीतनी विचारलं, पोराला तुम्ही सांगता का आम्ही पत्र टाकू?

म्हणालो, पत्र टाका. कार्यालयाकडून जाऊ द्या.